दोनशेचा आकडा आणि एकविसावा दिवस : सातारच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी,
जिल्हा परिषद, सातारा

विषय : घसादुखीच्या मुलांच्या रक्ततपासण्या, त्यांचे लावले जाणारे अर्थ आणि वाताच्या तापाच्या मुलांची नोंद



मी वाईत बरीच वर्षं रक्त-लघवी तपासणीची लहानशी प्रयोगशाळा चालवली. शिक्षण डीएमएलटी; पॅथॉलॉजिस्ट नव्हे, आणि तसं कधी भासवलंही नाही. रिपोर्टवर सही कुणाची हवी यावरून आमच्या धंद्यात जो वाद आहे तो कोर्टापर्यंत जाऊन आला, त्यात इथे शिरत नाही. मला बोलायचंय ते सहीच्या वर छापलेल्या एका ओळीबद्दल. ‘एएसओ टायटर : ४००. नॉर्मल : २०० पर्यंत.’

ही ओळ हातात पडली की आईचा चेहरा उतरतो. पोराचा घसा धरला म्हणून डॉक्टरांकडे गेलेली असते, डॉक्टरांनी ‘एएसओ, सीआरपी, आरए’ अशी तिन्ही एका चिठ्ठीवर लिहिलेली असतात, आणि संध्याकाळी आकड्याखाली लाल रेघ मारलेला कागद मिळतो. दुसऱ्या दिवशी शेजारीपाजारी बातमी जाते की याला ‘वात निघालाय, हार्टला धोका आहे’. मूल अंगणात क्रिकेट खेळत असतं. (सीआरपी ही शरीरात कुठेतरी सूज असल्याची खूण; आरए ही मोठ्यांच्या सांधेवाताची तपासणी. घसा दुखणाऱ्या सात वर्षांच्या मुलाला तिचा काडीचा उपयोग नाही. तिन्हींची किट एकत्र येतात म्हणून तिन्ही होतात, एवढंच.)

हा आकडा येतो कुठून, ते आधी सांगतो, कारण रिपोर्टवर ते छापलेलं नसतं. काळ्या काचेच्या पट्टीवर गोल आखलेले असतात. एका गोलात मुलाच्या सीरमचा एक थेंब टाकायचा, त्यात दुधी रंगाच्या लॅटेक्सचा एक थेंब, काडीने कालवायचं आणि पट्टी दोन मिनिटं हलकेच डोलवायची. मिश्रण दुधीच राहिलं तर निगेटिव्ह, रवाळ कण फुटले तर पॉझिटिव्ह. मग सीरम सलाइनने निम्मं पातळ करून पुन्हा तेच, त्याच्या निम्मं करून पुन्हा तेच. कण दिसलेली शेवटची पायरी घ्यायची आणि तिला २०० ने गुणायचं. म्हणून स्लाइडवरचा टायटर २००, ४००, ८०० अशा उड्या मारतच येतो. २६० किंवा ३१० येतो तो मोठ्या मशीनवर. आणि घाईच्या वेळी पट्टी तशीच पडून राहिली, दोनाची चार मिनिटं झाली, तर कडेने सुकायला लागलेला थेंबसुद्धा रवाळ दिसतो. तो ‘पॉझिटिव्ह’ कुणाच्या तरी नावावर लागतो.

तेव्हा २०० ही काही आजाराची सीमा नव्हे. किट बनवणाऱ्याने लॅटेक्सची धार जिथे लावून ठेवली, ती पहिली पायरी आहे. पाच ते पंधरा या वयात स्ट्रेप्टोकोकस नावाचा जंतू मुलांच्या घशात येत-जात असतो, आणि धडधाकट शाळकरी मुलांतही टायटर २०० च्या वर सापडणं यात नवल काही नाही. वय, वस्ती, ऋतू यांप्रमाणे ‘नॉर्मल’ बदलतं. रिपोर्टवर मात्र अंगणवाडीतल्या पोरीला, नववीतल्या मुलाला आणि त्यांच्या आजोबांना एकच मोजपट्टी.

त्याहून मोठी चूक वेळेची होते. एएसओ जंतू मोजत नाही. हा जंतू स्ट्रेप्टोलायसिन-ओ नावाचं एक विष सोडतो; त्या विषाविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्यं या तपासणीत मोजली जातात. एडगर टॉड या शास्त्रज्ञाने १९३२ मध्ये ही पद्धत दाखवून दिली आणि आज नव्वद वर्षांनंतरही आपण हीच प्रतिद्रव्यं मोजतो आहोत. ही प्रतिद्रव्यं संसर्गानंतर आठवडाभराने वाढू लागतात, तीन ते सहा आठवड्यांत टोकाला जातात आणि मग कित्येक महिने सावकाश उतरतात. अंगणातला चिखल पाहून पाऊस पडून गेला एवढं कळतं. आत्ता पडतोय का, ते कळत नाही. घसा दुखायला लागल्याच्या दुसऱ्या दिवशी काढलेला एएसओ हा असा मागच्या पावसाचा चिखल असतो. त्यावर आजचं औषध ठरवणं चूक, आणि टायटर कमी आला म्हणून ‘स्ट्रेप नाही’ म्हणणंही तितकंच चूक.

दुसऱ्या दिवशी काय करावं, हे पुस्तकात स्पष्ट आहे. बहुतेक घसे व्हायरसने धरतात. नाक वाहतंय, खोकला आहे, आवाज बसलाय, तर बहुधा तेच. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि पॅरासिटामॉलवर चार दिवसांत उतरतं. दुखऱ्या घशाच्या दहा मुलांत दोन-तीनच स्ट्रेप्टोकोकसची निघतात. खोकला नाही, ताप आहे, टॉन्सिलवर पांढरा थर आहे आणि जबड्याखालच्या गाठी दाबल्या की मूल कळवळतं, असं असेल तर संशय धरायचा आणि घशातून स्वॅब घ्यायचा. त्याची झटपट चाचणी दहा मिनिटांत होते; कल्चरला एक-दोन दिवस लागतात. रक्त काढायची इथे गरजच नसते. सीआरपी आणि पांढऱ्या पेशी वाढल्या म्हणून जंतू आणि नाही वाढल्या म्हणून व्हायरस, असा सरळ हिशेब घशाच्या बाबतीत लागत नाही; काही व्हायरसही सीआरपी चांगला वर नेतात. तोंड उघडता येत नाही, लाळ गळतेय, एका बाजूचा टॉन्सिल पुढे आलाय, म्हणजे आत पू धरलाय, तेव्हा रिपोर्टची वाट न पाहता मोठ्या दवाखान्यात पाठवायचं. आणि टॉन्सिलवरचा थर राखाडी असेल, खरवडला तर रक्त येत असेल आणि मान सुजली असेल, तर घटसर्प डोक्यात आणायचा. तो रक्ताच्या कुठल्याच नेहमीच्या तपासणीत सापडत नाही.

मग एएसओ कशाला? तर घसा बरा होऊन मूल शाळेत जायला लागल्यावर, दोन-तीन आठवड्यांनी, त्याचा गुडघा सुजला तर. आज गुडघा, परवा घोटा, नंतर मनगट. एक सांधा मोकळा होतो न होतो तोच दुसरा धरतो. सोबत ताप, कधी धाप, कधी छातीत धडधड. याला डॉक्टर ऱ्हुमॅटिक फीव्हर म्हणतात, आपल्याकडे वाताचा ताप. सांधे काही मागे न ठेवता बरे होतात, पण काहींच्या हृदयाच्या झडपा आक्रसतात आणि त्या पूर्ववत होत नाहीत. इथे मात्र एएसओ सोन्याच्या मोलाचा आहे, कारण घसा तर बरा झालेला असतो, स्वॅबमध्ये बहुधा काही सापडत नाही, आणि मागे स्ट्रेप्टोकोकस येऊन गेला याचा पुरावा फक्त रक्तात उरलेला असतो.

तोही एकटा पुरेसा नाही. डकेट जोन्स यांनी १९४४ मध्ये या आजाराचे निकष बांधले, त्यांची अलीकडची दुरुस्ती २०१५ ची. आपल्यासारख्या जास्त जोखमीच्या लोकसंख्येसाठी तिने निकष मुद्दाम सैल केले: एकच सांधा सुजला तरी धरायचा, आणि ईएसआर (नळीत रक्त किती वेगाने खाली बसतं ते) तासाला ३० मिमी असला तरी पुरे. सीआरपी डेसिलिटरला ३ मिलिग्रॅम, आणि स्टेथोस्कोपला काही ऐकू आलं नाही तरी संशयित प्रत्येक मुलाचा इको (हृदयाची सोनोग्राफी), हे सगळ्यांसाठीच आहे. यातही खाचाखोचा आहेत. ईएसआर रक्तक्षयात आपोआप चढतो, आणि आपल्याकडची निम्मी पोरं फिकट. त्यांच्या नळीत रक्त भराभर खाली बसतं. सीआरपीला रक्तक्षयाचा असा त्रास नाही, म्हणून दोन्ही सोबत हवेत. वाताच्या तापाच्या पाच मुलांतल्या साधारण एकाचा एएसओ वाढतच नाही. तिथे अँटी-डीएनएज-बी ही दुसरी तपासणी लागते. याच तापात काही मुलांचे, त्यातही मुलींचे, हातपाय आपोआप वेडेवाकडे हलू लागतात, अक्षर बिघडतं, हातातलं भांडं पडतं आणि घरचे ‘नखरे’ म्हणतात. हा प्रकार घसा दुखल्यानंतर कित्येक महिन्यांनी येतो. तोवर एएसओ उतरून २०० च्या आत आलेला असतो आणि रिपोर्ट म्हणतो ‘नॉर्मल’.

याच जंतूमुळे मूत्रपिंडही सुजतं; त्याचं वेगळंच. घशानंतर दहाएक दिवसांनी सकाळी चेहरा सुजतो, लघवी लालसर-काळपट होते, रक्तदाब चढतो. इथे लघवीची तपासणी आणि सी-३ नावाचं पूरक प्रथिन महत्त्वाचं. ते खाली जातं आणि सहा-आठ आठवड्यांत परत वर येतं. हाच आजार खरूज खाजवून चिघळलेल्या फोडांमधूनही होतो, आणि तिथे एएसओ फसवतो. कातडीच्या संसर्गात तो नीट वाढत नाही. पुन्हा अँटी-डीएनएज-बीकडेच जावं लागतं.

एवढं सांगायचं कारण, दोन्ही बाजूंनी नुकसान होताना मी पाहिलंय. एका मुलीला ना सांधा, ना ताप, इकोही साफ, नुसता टायटर ४००. तो ‘उतरेपर्यंत’ दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन चालू होतं, आणि प्रत्येक वेळी टायटर पाहायला ती माझ्याकडे येत होती. पेनिसिलिन जंतू मारतं, आधी तयार झालेली प्रतिद्रव्यं पुसत नाही, हे तिच्या वडिलांना कुणी सांगितलं नव्हतं. दुसरा एक मुलगा गुडघे धरून रात्री रडायचा, ‘हाडं वाढताहेत’ म्हणून तेल चोळून निजवलेला. त्याचा एएसओ कुणी मागितलाच नाही. अशी मुलं मोठी होतात आणि बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी, मुली तर कित्येकदा पहिल्या गरोदरपणाच्या सातव्या महिन्यात, पायऱ्या चढताना धापा टाकत दवाखान्यात येतात. तेव्हा झडप चिंचोळी झालेली असते आणि एएसओ अगदी नॉर्मल असतो. पुढे झडपेची शस्त्रक्रिया महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत होते, ही सरकारची मोठीच मदत. पण तिथवर पोचायची वेळ ज्या औषधाने टळली असती, त्याची किंमत शस्त्रक्रियेच्या खर्चापुढे नगण्य आहे.

ते औषध म्हणजे बेंझाथिन पेनिसिलिन. मोठ्या मुलाला १२ लाख युनिट, लहानग्याला ६ लाख, दर एकविसाव्या दिवशी कमरेत. झडपांना काही झालेलं नसेल तर निदान पाच वर्षं किंवा एकविसाव्या वर्षापर्यंत, यातलं जे लांबचं असेल ते. झडप बिघडली असेल तर दहा वर्षं, चाळिशीपर्यंत, काहींना जन्मभर. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली ती पेनिसिलिनसाठीच. वाईहून दोन-अडीच तासांच्या वाटेवरच्या गावाने देशाला पेनिसिलिन दिलं, आणि आज वाताच्या तापाचं मूल या इंजेक्शनसाठी दारोदार फिरतं: एका दुकानात कुपी नाही, दुसऱ्यात आहे तर डॉक्टर टोचायला तयार नाहीत. त्यांची भीती खोटी नाही, रिॲक्शनने माणूस जाऊ शकतो. पण भीतीचं माप घ्यायला हवं. अनेक देशांतल्या रुग्णांचा एक अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ३२,४३० इंजेक्शनांमागे जिवावर बेतणारी रिॲक्शन चौघांना आली आणि एक दगावला. ज्यांच्या झडपा फारच खराब आहेत त्यांना गोळ्या देणं बरं, असं आता तज्ज्ञ म्हणतात. बाकीच्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात, ॲड्रिनॅलिन भरून शेजारी ठेवून, इंजेक्शन देता आलं पाहिजे. युगांडात ८१८ मुलांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. या मुलांना त्रास काहीच नव्हता, फक्त इकोवर झडपेची सुरुवातीची खूण होती. दोन वर्षांत इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी ०.८ टक्के मुलांचा आजार वाढला, न घेणाऱ्यांपैकी ८.२ टक्के मुलांचा.

आता आपल्या तालुक्याकडे येतो. दसरा-दिवाळीच्या सुमाराला भुईंजच्या किसन वीर कारखान्याच्या परिसरात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. बीडकडची कुटुंबं, उसाच्या पाचटाची किंवा ताडपत्रीची कोपी, तीत आई-बाप, दोन-तीन पोरं, कधी म्हातारीही. हात पसरला की दुसऱ्याच्या अंगाला लागतो. थंडीत दार म्हणून लावलेलं पोतं खाली सोडलं की सगळ्यांचा श्वास एकच. १९५० च्या आसपास अमेरिकेतल्या वॉरेन हवाई तळावर सैनिकांचे घसे तपासणाऱ्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की खाटा जितक्या जवळ तितका स्ट्रेप्टोकोकस जास्त पसरतो. घसा दुखायला लागल्यापासून नऊ दिवसांत पेनिसिलिन मिळालं तरी वाताचा ताप टळतो, हेही त्याच तळावरच्या कामातून पुढे आलं. म्हणजे हाताशी नऊ दिवस असतात. कोपीतल्या पोराला तेवढ्यात डॉक्टर मिळतो का? खाडा पडला की मुकादमाच्या वहीत नोंद होते, म्हणून आई घसा पाहायला थांबत नाही. त्याच पोराच्या बोटांच्या बेचक्यांत खरूज असते, म्हणजे मूत्रपिंडाचा धोका वेगळा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून देशभर सुरू झाला आणि तपासायच्या आजारांच्या यादीत वाताचा हृदयरोग पहिल्यापासून आहे. पण पथकं जातात अंगणवाडीत आणि शाळेत. ऊसतोडीचं पोर हजेरीपटावर असतं बीडच्या शाळेत आणि राहतं भुईंजच्या फडात. दोन्हीकडच्या पथकांच्या हातून ते निसटतं. तेव्हा हंगामात निदान दोनदा पथक थेट टोळ्यांच्या तळावर जावं, आणि तेही संध्याकाळी, कारण दिवसा तिथे फक्त कुत्री आणि तान्ही मुलं असतात. पथकाने फार काही करायला नको: घसा पाहावा, सांधा कधी सुजला होता का विचारावं, छातीला स्टेथोस्कोप लावावा, कातडी पाहावी. संशय आला त्याचंच रक्त काढावं, आणि एएसओ काढलाच तर दोन-तीन आठवड्यांनी दुसरा काढूनच अर्थ लावावा. चढता आकडा हा एकट्या आकड्यापेक्षा कधीही जास्त बोलतो. इको वाईत होवो, साताऱ्यात होवो नाहीतर कऱ्हाडात, पण चिठ्ठी देऊन सोडू नये, तारीख घेऊन द्यावी.

ग्रामीण रुग्णालय आपल्या अखत्यारीत नाही, ते जिल्हा शल्यचिकित्सकांकडे येतं, हे मला ठाऊक आहे. मुलाच्या झडपेला ते ठाऊक नसतं. म्हणून तालुक्यात वाताच्या तापाची वही एकच असावी, सरकारी आणि खाजगी मिळून: कोण मूल, इको काय, पुढचं इंजेक्शन कोणत्या तारखेला. लसीकरणाचा दिवस चुकला तर आशाताई दारात येतात; एकविसावा दिवस चुकला तरी त्यांनी यावं, आणि त्यांना त्याचं मानधन मिळावं. बीडला परतणाऱ्या मुलाच्या हातात कार्ड द्यावं, ज्यावर तिथला डॉक्टर पुढची तारीख टाकू शकेल. बेंझाथिन कुठल्या केंद्रात शिल्लक आहे, आणि घशाच्या स्वॅबची झटपट चाचणी तालुक्यात कुठे होते की होतच नाही, हे आपण जाहीर करावं.

रिपोर्टचं काम सगळ्यांत स्वस्त आहे. आपल्या केंद्रांतून जाणाऱ्या नमुन्यांच्या एएसओ रिपोर्टखाली मराठीत एवढं छापून यावं: ‘या तपासणीवरून आत्ताच्या घसादुखीचं कारण कळत नाही. सांधे सुजले असतील, धाप लागत असेल किंवा हातपाय आपोआप हलत असतील तरच हा आकडा डॉक्टरांनी लक्षणांसोबत वाचावा.’ खाजगी प्रयोगशाळांवर सक्ती करता येणार नाही, पण आपलं पत्र आलं तर वाईतले बरेचजण छापतील. मी त्यांना ओळखतो. मराठी विश्वकोशाचं काम जिथे चालतं त्या गावात आईला वाचता येईल अशी एक ओळ रिपोर्टवर नसावी, याची मला एरवीही लाज वाटते.

गळिताचा हंगाम सुरू होण्याआधी वाईत एक बैठक लावा: तालुका आरोग्य अधिकारी, ग्रामीण रुग्णालय, बालरोगतज्ज्ञ, प्रयोगशाळावाले, कारखान्याचा कामगार विभाग आणि दोन मुकादम. मुकादम विसरू नका, टोळी कधी तळावर असते ते त्यांनाच माहीत. केंद्रांतल्या तंत्रज्ञांना स्लाइड दाखवायला कुणी हवं असेल तर मी येईन, मानधन नको. येताना घड्याळ लावून दोन मिनिटं मोजायला लावीन, एवढीच अट.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
गंगापुरी, वाई